शेतीपंपांच्या लोरा जाळ्यात सुरक्षेचा कोणता प्रश्न संशोधनास योग्य?

प्रश्न – दूधगंगाकाठ (निपाणी)

सर्वांना नमस्कार. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बेळगावच्या एका महाविद्यालयात मी संगणकशास्त्राचे एम.टेक. करते आहे आणि प्रबंधाचा विषय आता निश्चित करावयाचा आहे.

आमच्या भागात नदीकाठच्या जॅकवेलवरील (पाणी उपसण्याच्या विहिरींवरील) मोटारी बऱ्याच ठिकाणी सिमकार्डाच्या स्टार्टरवर चालतात. ठरवून दिलेल्या मोबाइलवरून फोन गेला की मोटर सुरू होते आणि पुन्हा फोन गेला की बंद होते. पात्रालगत आणि उसाच्या फडांआड रेंज धड मिळत नाही. शिवाय फोन कोणत्या क्रमांकावरून आला एवढ्यावरच स्टार्टर विश्वास ठेवतो, हे मला फार खटकते. म्हणून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालणारे लोरा (कमी विजेवर दूरवर छोटे संदेश पाठवणारे) रेडिओ वापरून एक छोटे जाळे उभारावे, असा माझा विचार आहे. गावच्या पाण्याच्या टाकीवर संदेशांची सर्व्हरशी देवाणघेवाण करणारा गेटवे, प्रत्येक स्टार्टरच्या पेटीत एक नोड (रेडिओ असलेले छोटे उपकरण) आणि काही सऱ्यांमध्ये ओलावा मोजणारे सेन्सर असतील. मोटर चालू-बंद करण्याचा आदेश पाटकऱ्याच्या मोबाइलवरून सर्व्हरमार्गे नोडपर्यंत जाईल.

अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशी कूटलेखनाची मानके जाहीर केली. त्यांतील एमएल-केईएम ही दोघांत गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत माझ्या नोडवर बसवून दाखवावी, असे मार्गदर्शक सरांचे म्हणणे आहे. विषय आकर्षक आहे, यात शंका नाही. परंतु या जाळ्याला खरा धोका तिकडूनच आहे का, याची खात्री पटल्याशिवाय त्यात वर्ष घालवावे असे मला वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – टिळकवाडी

ताई, आपली शंका रास्त आहे. आधी हिशेब मांडू. एमएल-केईएमच्या सर्वांत लहान संचातही सार्वजनिक किल्ली ८०० बाइटची आणि तिच्या उत्तरादाखल येणारा गुप्तसंदेश ७६८ बाइटचा असतो. आपल्याकडील पट्ट्यात लोरावॅनच्या (लोरा रेडिओंच्या जाळ्याच्या ठरलेल्या नियमावलीच्या) सर्वांत संथ गतीला, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर १२ असताना, एका पॅकेटमध्ये ५१ बाइट मजकूर मावतो आणि तेवढे पॅकेट हवेत सोडण्यास सुमारे २.८ सेकंद लागतात. म्हणजे केवळ सार्वजनिक किल्ली पाठवायला १६ पॅकेट आणि सुमारे ४५ सेकंद गेले, आणि त्यातले एक जरी हरवले तरी ते पुन्हा मागवणे आले. स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर हेच काम चार पॅकेटांत, दीड सेकंदाच्या आत उरकते. पण नदीच्या खोलगट भागातून आणि वाढलेल्या उसातून ती गती किती नोडना साधेल, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

हिशेबापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा असा की या जाळ्याला एमएल-केईएमची मुळात गरजच नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेली क्वांटम संगणकासाठीची रीत सार्वजनिक किल्लीच्या पद्धतींना, म्हणजे आरएसए आणि लंबवृत्तीय वक्रांवर आधारलेल्या पद्धतींना, उखडून टाकते. लोरावॅनमध्ये मात्र नोड आणि सर्व्हर यांच्याकडे आधीपासून एकच १२८ बिटांची गुप्त किल्ली असते आणि सर्व काम एईएस या सामायिक किल्लीच्या कूटपद्धतीवर चालते. एईएसविरुद्ध क्वांटम संगणकावरची ग्रोव्हरची शोधरीत वापरता येते खरी, परंतु तिचा प्रत्यक्ष खर्च इतका अवाढव्य आहे की निस्टने आपल्या नव्या मानकांची पहिली सुरक्षा-पायरी ठरवताना एईएस-१२८ची किल्ली शोधण्याची अवघडाई हेच माप धरले. क्वांटमविरोधी गणिताला येथे वाव आहे तो फर्मवेअरच्या, म्हणजे नोडमधील प्रोग्रामच्या, स्वाक्षरीत, कारण स्टार्टरमध्ये बसवलेला नोड दहा-पंधरा वर्षे तेथेच राहणार असतो. एमएल-डीएसए या स्वाक्षरीच्या नव्या मानकातील लहानात लहान स्वाक्षरी २४२० बाइटची असली, तरी शेकडो किलोबाइटच्या फर्मवेअरसोबत तिचा भार जाणवत नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळू. लोरावॅनमध्ये किल्ली, नोडचा पत्ता, संदेशाची दिशा आणि पॅकेटचा क्रमांक यांपासून एक बिटमाला तयार होते व ती मजकुरात एक्सॉर या बिटांच्या क्रियेने मिसळली जाते. किल्ली तीच असताना पॅकेटचा तोच क्रमांक दुसऱ्यांदा वापरला गेला, तर दोन्ही पॅकेटांचा एक्सॉर काढताच ती बिटमाला नाहीशी होते आणि दोन मूळ संदेशांतील फरक उघडा पडतो. हा रोग जुना आहे. वाय-फायच्या डब्ल्यूईपी या जुन्या सुरक्षा-पद्धतीत असा पॅकेटगणिक बदलता आकडा अवघ्या २४ बिटांचा होता, त्यामुळे गजबजलेल्या जाळ्यात तो थोड्याच वेळात पुन्हा येई. पुढे २०१७ मध्ये माथी वानहूफ यांनी दाखवलेल्या क्रॅक हल्ल्यात डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या पुढच्या सुरक्षा-पद्धतीचे गणित जसेच्या तसे शाबूत होते. जुळणीतील एक संदेश पुन्हा पाठवून उपकरणाला आधीचीच किल्ली नव्याने बसवायला लावले जाई आणि त्यासरशी त्याचा काउंटर, म्हणजे पॅकेटचे क्रमांक मोजणारा आकडा, मूळपदावर येई.

आपल्या भागात हाच काउंटर कशाने मूळपदावर येईल, याचा विचार करावा. नोडला वीज स्टार्टरच्या पेटीतून मिळणार, आणि शेतीची थ्री फेज पाळीने येते व जाते. किल्ल्या नोडमध्ये कायमच्या भरून ठेवल्या, म्हणजे एबीपी पद्धत वापरली आणि काउंटर फक्त रॅममध्ये (वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) ठेवला, तर प्रत्येक पाळीला नोड शून्यापासून मोजू लागतो. त्याचा दुष्परिणाम दोन्ही दिशांनी होतो. नोडकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या मजकुराची गुप्तता जाते, पण ओलाव्याचा आकडा कोणी वाचला तर फारसे बिघडत नाही. सर्व्हरकडून नोडकडे येणाऱ्या आदेशाचे मात्र तसे नाही. काल हवेतून टिपून ठेवलेला ‘मोटर चालू’ हा आदेश आज वीज आल्यानंतर कोणी हवेत सोडला, तर शून्यावर आलेल्या नोडला त्याचा क्रमांक पुढचाच वाटतो, चार बाइटची तपासणी-मुद्रा जुळते आणि मोटर सुरू होते. यासाठी एक बिटही फोडावा लागत नाही. आपल्या जाळ्यात आदेश खरा आहे का आणि ताजा आहे का, हेच कळीचे आहे. गुप्ततेचा क्रमांक त्यानंतर लागतो.

उत्तर – उद्यमबाग

वरील उत्तराला प्रत्यक्ष कामातला अनुभव जोडतो. मी स्टार्टर पॅनेल तयार करण्याच्या व्यवसायात आहे आणि असे काही नोड बसवलेही आहेत. वीज जाऊन आली की एबीपीवरचा नोड शून्यापासून पाठवू लागतो आणि सर्व्हर ती पॅकेट जुनी समजून टाकून देतो. मग शेतकऱ्याचा फोन येतो की मशीन बंद पडले. यावर बसवणारे लोक जो उपाय करतात तो असा, की सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘काउंटर तपासू नये’ असा पर्याय असतो, त्यावर खूण करून मोकळे होतात. तक्रार मिटते, परंतु त्या एका खुणेने जुने पॅकेट ओळखण्याची सर्व्हरची क्षमताच जाते. लोरावॅनच्या ऑक्टोबर २०२० मधील १.०.४ या आवृत्तीने एबीपीच्या नोडनी काउंटर कायमस्वरूपी मेमरीत जपलाच पाहिजे, असे बंधन घातले आहे. स्वस्तातल्या मॉड्यूलच्या नमुना-प्रोग्राममध्ये मात्र ते अनेकदा केलेले नसते, आणि तोच प्रोग्राम शेतात जातो.

काउंटर जपणे अवघड नाही. साध्या फ्लॅश मेमरीचे एक पान साधारण दहा हजार वेळा पुसता येते, त्यामुळे दर पॅकेटला लिहू नये. समजा, दर ५० पॅकेटांनी एकदा लिहिले आणि वीज आल्यावर लिहिलेल्या आकड्यात ५० मिळवून, तो नवा आकडा आधी लिहून ठेवून पुढे मोजायला घेतले, तर मधले काही क्रमांक वाया जातील, पण कोणताही क्रमांक दुसऱ्यांदा वापरला जाणार नाही. येणाऱ्या आदेशांचा काउंटर मात्र दर आदेशाला लिहावा, कारण दिवसात आदेश असतात मूठभर.

ताई, आपल्या प्रबंधात एक गोष्ट ठळकपणे यावी अशी माझी विनंती आहे. पाइपच्या तळाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की माणूस जॅकवेलमध्ये उतरतो. त्या वेळी पेटीतला मुख्य स्विच खाली ओढून त्याला कुलूप लावलेच पाहिजे, आणि दुरून आलेला कोणताही आदेश, मग तो कितीही खरा असो, त्या कुलपाला ओलांडून जाता कामा नये. ही सोय तारेतच असावी, प्रोग्राममध्ये नसावी.

प्रश्नकर्ती – दूधगंगाकाठ

टिळकवाडीचे सर आणि उद्यमबागचे दादा, आपले मनापासून आभार. पाळीच्या विजेचा आणि काउंटरचा हा संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि विषय येथेच आहे असे आता वाटते. एक शंका उरते. एबीपीऐवजी ओटीएए वापरून, प्रत्येक वेळी वीज आल्यावर नोडने सर्व्हरशी नव्याने जुळणी करून नव्या किल्ल्या घेतल्या, तर हा प्रश्न आपोआप सुटणार नाही का?

उत्तर – खानापूर

मी बिनतारी संदेशवहनाच्या बाजूने लिहितो. नव्या जुळणीने जुन्या आदेशांचा प्रश्न बव्हंशी सुटतो, कारण किल्ल्याच बदलतात. मात्र एका फिडरवरील सर्व मोटारींना थ्री फेज एकाच क्षणी मिळते, आणि सर्व नोड एकाच क्षणी जुळणीची विनंती हवेत सोडतात. ही विनंती २३ बाइटची असते आणि स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर तिला सुमारे दीड सेकंद लागतो. जुळणीसाठी आपल्या पट्ट्यात तीन ठरावीक चॅनेल आहेत. समजा, ६० नोड आहेत. म्हणजे एका चॅनेलवर २० आले. त्यांनी एका मिनिटाच्या अवधीत कोणताही क्षण निवडून विनंती सोडली, तर अलोहाच्या (कोणीही केव्हाही संदेश सोडतो अशा जाळ्याच्या) नेहमीच्या सूत्राने टक्कर न होता पोहोचण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास येते. तोच अवधी दहा मिनिटांचा केला तर ती ९० टक्क्यांवर जाते, पण पाणी सोडायला शेतकरी दहा मिनिटे खोळंबतो. त्यातच गेटवे उत्तर पाठवत असताना ऐकू शकत नाही, आणि प्रत्येक उत्तराला या गतीने एक सेकंदाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून वाईट येतील. हे सूत्र सर्व नोड सर्वांत संथ गतीवर धरून मांडले आहे; जवळचे नोड वेगवान गतीवर गेले तर गर्दी पुष्कळ हलकी होईल.

तेव्हा प्रबंधात तीन मार्गांची तुलना करता येईल. काउंटर मेमरीत जपणे हा पहिला आणि दर पाळीला नवी जुळणी हा दुसरा. तिसरा मार्ग असा की वीज आल्यावर नोडने एक ताजा यादृच्छिक आकडा सर्व्हरला पाठवावा आणि तो आकडा परत आणणारा आदेशच पहिला म्हणून स्वीकारावा. तिसऱ्यात काहीही जपून ठेवावे लागत नाही, पण नोडला खरोखर यादृच्छिक आकडा मिळतो का, हे तपासावे लागते. वीज येताच प्रत्येक वेळी तोच आकडा देणारे मॉड्यूल येथे निरुपयोगी आहे. प्रत्येक मार्गाला थ्री फेज आल्यापासून पहिला आदेश पाळला जाईपर्यंत किती वेळ लागतो, हे पावसाळ्यात आणि ऊस तुटल्यानंतर असे दोनदा मोजावे. अडथळ्याचे आणि पुनःप्रसारणाचे प्रयोग केवळ स्वतःच्या नोडवर, तेही प्रयोगशाळेत अँटेनाऐवजी केबल आणि क्षीणक (संदेश क्षीण करणारा भाग) जोडून करावेत, कारण तो पट्टा सर्वांचा आहे.

याखेरीज एक हल्ला असा आहे की ज्यावर वरील तिन्ही मार्ग चालत नाहीत, आणि माझ्या मते आपल्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग तोच ठरेल. हल्लेखोराने नोडजवळ गोंगाट करून आदेश पोहोचू दिला नाही, पण स्वतः दुरून टिपून घेतला, तर तो आदेश खराही असतो आणि नोडने कधी पाहिलेलाही नसतो. पुढचा आदेश नोडपर्यंत पोहोचेपर्यंत तो केव्हाही सोडता येतो. काउंटर क्रम सांगतो, वेळ सांगत नाही. यासाठी आदेशाच्या मजकुरातच त्याची मुदत लिहावी लागेल, आणि मुदत ओळखायला नोडला वेळ ठाऊक हवी. सर्व्हरकडून वेळ मागण्याची सोय लोरावॅनच्या १.०.३ आवृत्तीपासून आहे, परंतु वेळ सांगणारे ते उत्तरही अडवता आणि लांबवता येते. उत्तर यायला किती उशीर झाला हे नोडने स्वतःच्या घड्याळावर मोजले आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेले उत्तर नाकारले, तर चूक त्या मर्यादेतच राहते. ही मर्यादा किती सेकंदांची ठेवली म्हणजे पाटकऱ्याचा खरा आदेश नाकारला जाणार नाही आणि टिपलेला आदेशही चालणार नाही, हे आपल्या गावच्या जाळ्यावर मोजून काढता येईल.