किनाऱ्यावरची सहल: ‘पर्यावरणस्नेही’ रिसॉर्ट की गावातल्या घरगुती खोल्या?

कारेलीबागकर:
डिसेंबरात बडोद्याहून मंडळाचे ४० जण तारकर्लीकडे निघालेत. समितीचा कल एका ‘पर्यावरणस्नेही’ रिसॉर्टकडे आहे. माझा त्याला विरोध आहे, गावातल्या आठ घरांत उतरावं. बांबूचे स्ट्रॉ नि टॉवेल पुन्हा वापरा सांगणारी पाटी यांनी किनारा वाचत नाही. खरा प्रश्न गोड्या पाण्याचा. आपल्या नळाला आजव्याचं, महीचं पाणी येतं, म्हणून हे आपल्या चटकन ध्यानात येत नाही. तिथे वाळूखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी. बोअरने उपसून ती पातळी २५ सेंटीमीटर उतरवली, की कालांतराने खारं पाणी सुमारे १० मीटर वर चढतं, नि शेजारच्या विहिरीही बिघडतात. पाणीपुरवठ्याची योजना आखताना पंचतारांकित हॉटेलाला माणशी रोज ३२० लिटर धरतात, घराला १३५. म्हणजे आपल्या ४० जणांचे १२,८०० विरुद्ध ५,४००. तरणतलाव नि हिरवळ वेगळीच.

वाडीवाला:
पाण्याचा हिशेब पटला, पण तो अर्धाच आहे. आलेलं पाणी जातं कुठे? घरगुती खोलीमागे सेप्टिक टाकी नि शोषखड्डा असतो. टाकी घरच्या ५ जणांच्या बेताने बांधलेली. वर ५ पाहुणे आले की पाणी टाकीत थांबण्याचा वेळ निम्मा होतो, गाळ खाली बसायच्या आत शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा तुंबतो. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. माडांच्या अरुंद वाडीत घर, विहीर, संडास सगळं एका पट्ट्यात. १८ मीटर आणायचे कुठून? शिवाय जांभ्याच्या भेगांतून पाणी गाळलं न जाता भराभर पुढे सरकतं. ५० खोल्यांच्या रिसॉर्टला सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा परवडते, आठ घरांना नाही. माझं मत रिसॉर्टला.

कारेलीबागकर:
यंत्रणा असणं वेगळं, ती चालणं वेगळं. तिच्यातले जिवाणू हवेवर नि रोजच्या सांडपाण्यावर जगतात. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या, जिवाणू उपाशी मरतात. मग दिवाळीला एकदम सगळ्या खोल्या भरतात. जिवाणूंची संख्या पुन्हा जमायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर गढूळ पाणी तसंच बाहेर. रात्री वीज वाचवायला टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला तर दुर्गंधी ठरलेलीच. स्वयंपाकघराचा तेल-सापळा आठवडाभर उपसला नाही, तर तेलाचा थर हवा पाण्यात मिसळू देत नाही.

वाडीवाला:
हे सगळं खरं आहे, पण तपासता येतं. हवेच्या टाकीतलं पाणी १ लिटरच्या मोजपात्रात घ्या, ३० मिनिटं न हलवता ठेवा. खाली २५० ते ३५० मिलिलिटर तपकिरी गाळ आणि वर नितळ पाणी, तर यंत्रणा ठीक. गाळ १०० च्या खाली असेल तर जिवाणूच पुरेसे नाहीत. जे व्यवस्थापन हे दाखवायला तयार होणार नाही, तिथे जाऊ नये. शोषखड्ड्याची अशी सोपी परीक्षा मला तरी माहीत नाही.

रावपुरा:
एवढं कशाला? ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालेला किनारा निवडा. दीवचं घोघला किंवा द्वारकेजवळचं शिवराजपूर. आपल्या गुजरातेतून रस्त्यानेच जाता येईल.

सुरसागर:
ब्लू फ्लॅग मिळतो तो किनाऱ्याला. पाण्याची शुद्धता, जीवरक्षक, स्वच्छतागृहं वगैरे ३३ निकष त्यात आहेत. मागे उभ्या हॉटेलाच्या सांडपाण्याची हमी त्यात धरू नका.

आणि मूळ चर्चेत दिवे राहिलेच. कासवाची पिल्लं वाळूतून रात्री वर येतात आणि उजळ क्षितिजाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो, रिसॉर्टच्या पांढऱ्या एलईडीपुढे तो फिका पडतो. पिल्लं जमिनीकडे वळतात, सकाळच्या उन्हात सुकून मरतात. उपाय महाग नाही: किनाऱ्याकडचे दिवे ५६० नॅनोमीटरच्या वरचे, म्हणजे अंबर किंवा लाल, खाली बसवलेले, वरून झाकलेले, खोल्यांना जाड पडदे, रात्री खुर्च्या वाळूवरून उचललेल्या. ‘स्वच्छते’साठी वाळूवर पसरणारी मर्यादवेल उपटणाऱ्यांना तर मी साफ नकार देईन, तीच वाळू धरून ठेवते.

माझं मत गावातल्या घरांना, पण पाण्यासाठी नव्हे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढायला मोकळी वाळू लागते, होड्या वर घ्यायला वाट लागते. कुंपण आणि खुर्च्यांची रांग आली की आधी तीच वाट जाते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ साली कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू झालं. पुढे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहू लागले, त्यामुळे किनारा राखण्यात गावाचा फायदा आहे. रिसॉर्टला विचारा: कायम नोकरीत गावचे किती, आणि पावसाळ्यात त्यांना पगार मिळतो का?

वाडीवाला:
रापणीचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी विहिरीचं दूषित पाणी त्याच रापणकऱ्यांच्या घरात प्यायलं जातं. घरंच घ्यायची तर ८ ऐवजी १४ घ्या, घरटी तीनच पाहुणे. टाकी गेल्या दोन-तीन वर्षांत उपसली आहे का नि विहीर किती मीटरवर, हे आगाऊ रक्कम देण्याआधी फोनवर विचारा.

कारेलीबागकर:
१४ घरांची अट मला चालेल. १८ मीटरच्या आत शोषखड्डा असलेली घरं वगळूया. तेवढी घरं जमली नाहीत, तर माणसं कमी करू.