अनुभव धागा : आपलं ऊन, जगाचं हवामान

रामराम मंडळी. परवा वर्गात सांगितलं, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला आणि सगळ्यात दूर जुलैच्या सुरुवातीला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मंग मे महिन्यात आपल्याले कोन भाजते सर?" प्रश्न रास्त आहे. अंतरातला फरक जेमतेम तीन टक्के, खरा खेळ पृथ्वीच्या कललेल्या आसाचा. असं काही ऐकून तुम्ही आपल्या वावरात, घरात पडताळून पाहिलं असेल तर इथं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे ढकललेले आकडे नकोत.

रोवणीवाली, लाखांदूर
जावई रत्नागिरीचे. मे महिन्यात इथं ४५ अंश ऐकून घाबरत आले आणि दुपारभर कूलरपुढे मस्त झोपले. त्यांच्याकडे पारा ३४-३५ च्या वर क्वचित जातो, पण कूलर लावला की खोली नुसती चिकट होते म्हणाले. आपली हवा कोरडी, म्हणून वाळ्याच्या ताट्यांतलं पाणी झपाट्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. समुद्राकाठी ते उडायला जागाच नाही.
मला मेपेक्षा धानाच्या रोवणीचे (लावणीचे) दिवस जड जातात. बांधीत (धानाच्या खाचरात) पाणी, वर ऊन, वारा बंद. पारा ३३ दाखवतो आणि लुगडं अंगाला चिकटलेलं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळूनही तो ३५ दाखवू लागला, तर सावलीत बसलेल्या धडधाकट माणसाचंही शरीर फार तास तग धरत नाही, कारण घाम वाळतच नाही. जगात अशी वेळ क्वचितच येते, तीही थोडा वेळ. पाकिस्तानातलं जकोबाबाद त्यासाठी ओळखलं जातं. बातम्यांत मात्र बोलबाला ४७ चाच.

मोटरसायकलवाला
रस्त्यावरच्या बोर्डावर ४९, बातमीत ४५. सरकार लपवते का जी?

धागाकर्ता
नाही भाऊ. वेधशाळेचं थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतं. मोजतात ती सावलीतली हवा. डांबर, टिनपत्रे यांचा ताप त्यात धरत नाहीत. जगाचा विक्रमही तसाच : कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश. हा आकडा विक्रम ठरण्याआधी लिबियातल्या अल अझीझियाचा १९२२ चा ५८ अंश नव्वद वर्षं पहिल्या नंबरवर होता. वाचणाऱ्याला उपकरण नीट वाचता आलं नसावं, असं ठरवून जागतिक हवामान संघटनेनं तो २०१२ मध्ये रद्द केला. नागपूरचा २३ मे २०१३ चा आकडा ४७.९.

संत्रावाला, वरुड
२०१४ च्या गारपिटीनं आमचा मृग बहार (पावसाळ्यात फुलणारी संत्री) तोडणीच्या तोंडावर झोडपला, आंबियाची (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहाराची) बारीक फळंही गळाली. थंडी सरल्यावर बर्फ कसा पडतो, हे तेव्हापासून डोक्यात होतं. जमीन तापलेली, वरची हवा गार. खालून उसळणारा झोत गारेला वर तोलून धरतो आणि तिच्यावर थर चढत जातात. मोठी गार कापली की कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, मी कापून पाहिली आहे. ३० एप्रिल १८८८ ला मुरादाबादला गारपिटीनं २४६ माणसं गेली. १९८६ च्या एप्रिलात बांगलादेशात गोपालगंजला एक किलोहून जड गार पडली. आमच्या गारा बोराएवढ्या होत्या, तरी बाग गेलीच. पंचनामा झाला, पुढचं विचारू नका.

पुसदकर
२२ ऑक्टोबर २०१७ ला अमेरिकेत एकच वीज ८२९ किलोमीटर आडवी धावली, पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीजवळपर्यंत. रेल्वेनं नागपूर-मुंबई जवळपास तेवढंच! डोक्यावर ढग नाही म्हणून कपाशीत डवरत राहणाऱ्यांनी हे वाचावं. पुण्याच्या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप फोनवर आहे, पण वावरात रेंज नसते. म्हणून गडगडाट कानावर पडला की आम्ही बैल सोडतो आणि घर गाठतो. महूच्या (मोहाच्या) झाडाखाली थांबत नाही.

रोवणीवाली, लाखांदूर
आमच्याकडे महूखालीच थांबतात, पुसदकर भाऊ. बांधीत दुसरा आडोसा कुठं आहे, ते सांगा.