गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन कोणत्या उन्हाळ्यावर (गरम पाण्याच्या झऱ्यावर) जावं?

डोंबिवलीकर लेक:
आई 71 वर्षांची. लहानपणी आजोळी उन्हाळ्यावर अंघोळ केल्याची आठवण रोज काढते. अकलोलीला गेलो होतो, पण रविवार! तानसेच्या काठी कुंडांत पाय टाकायला जागा नाही, पायऱ्या शेवाळलेल्या. वज्रेश्वरीचं दर्शन तेवढं झालं. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यावर नवस फेडायला बांधलेलं ते देऊळ पाहून आई खूश, गुडघे मात्र कोरडेच. दुसरं शांत ठिकाण सुचवा.

रानवाटा:
दापोली तालुक्यातलं उन्हवरे. बायकांसाठी वेगळं, आडोशाचं कुंड आहे, हे आईंसाठी महत्त्वाचं. उगमापाशी पाणी भाजेल इतकं कढत, तिथे हात घालायचा नाही. पहाटे जा.

संगमेश्वरी:
तुरळ मुंबई-गोवा रस्त्यालाच आहे, चालायला कमी. वेळ असेल तर आत राजवाडीलाही जा, सोमेश्वराचं देऊळ बघा. गंधकाचा वास येतो, चांदीच्या बांगड्या काढून ठेवा, काळ्या पडतात. माझ्या मावशीच्या पडल्या, अजून मलाच बोलते.

रानवाटा:
आणि आईंना बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दहा मिनिटं पुरे. माझे बाबा हट्टाने अर्धा तास बसले आणि उठताना चक्कर आली.

डोंबिवलीकर लेक:
बीपी आहेच. मग फक्त पाय सोडून बसवतो. मंगळवारी तुरळ. बांगड्यांचं सांगितलं तर म्हणाली, "काळ्या होऊ देत, चिंचेने घासू."