मदत हवी आहे: अनोळखी लोकांसमोर शेअरिंग कसं करायचं?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात मला दारू सोडून 1 वर्ष होतंय. आमच्या एए च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप) मिटिंगमध्ये त्याला वाढदिवस म्हणतात, त्या दिवशी स्वतःची कहाणी सांगायची असते, त्यालाच शेअरिंग म्हणतात. तिथे मला काही वाटत नाही हो, सगळे आपलेच, एकाच वाटेने आलेले. पण आता ग्रुपमधले एक काका म्हणाले की शेजारच्या तालुक्यात ओपन मिटिंग आहे, तिथे तू बोल, आणि मी काही विचार न करता हो म्हणून बसलो. ओपन म्हणजे पेशंटच्या बायका, आई, कोणीही येऊन बसतं. आता झोप उडालीय.

नाव अर्धंच सांगतात ते माहितीये, पण गावाकडे आवाजावरून पण ओळखतात राव. आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बायकोने जास्त भोगलंय, तिचं मंगळसूत्र गहाण टाकलं होतं ते सांगू का नको? ती म्हणते "तुमचं तुम्ही बघा", म्हणजे नको असणार बहुतेक.

काका म्हणतात 1935 ला अमेरिकेत एए सुरू करणारे बिल आणि डॉक्टर बॉब पण असेच अनोळखी होते, एका पिणाऱ्याने दुसऱ्याला आपलं सांगितलं तिथूनच हे सगळं सुरू झालं. पटतं, पण ते दोघंच होते ना, इथे हॉलभर माणसं.

ज्यांनी असं शेअरिंग केलंय त्यांनी प्लीज सांगा, लिहून न्यायचं का? घरच्यांचं किती सांगायचं? आणि मधेच रडू आलं तर काय करता?