आरोग्यमित्र नेमकं करतो काय?

कृष्णाकाठ: मामांना मिरजेत अँजिओप्लास्टी सांगितलीय, सगळे म्हणतात आरोग्यमित्राला भेट. तो दवाखान्याचा माणूस का सरकारचा?

तासगावकर: योजनेचा ओ. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात त्याचा काउंटर असतो, रेशनकार्ड आधार बघून नोंदणी करतो, मंजुरीला कागद लावून देतो. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर. पण ॲडमिट व्हायच्या आधीच भेटा, आधी पैसे भरून मग पळापळ नको.

हळदीचं_पोतं: आमच्या आईचं आधारवर नावापुढं बाई आन् रेशनकार्डावर नुसतंच नाव, तेवढ्यावरनं मी दोन दिवस जिना चढउतार केला, शेवटी तिथल्या आरोग्यमित्र पोरानंच कुठला कागद जोडायचा ते सांगितलं. झेरॉक्स जास्तीच्या काढा.

कृष्णाकाठ: रेशनकार्ड गावी राह्यलंय, उद्या पहिल्या एसटीनं आणतो.

तासगावकर: योजनेच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या, १५५३८८.