पुढे गाडी, मागे सायकल : गुहागर ते वेंगुर्ला

(सोसायटीचा चॅट ग्रुप, सातारा; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

सी-४०४ : नमस्कार मंडळी. डिसेंबरात गुहागर ते वेंगुर्ला सायकलने जायचा बेत आहे, सहा दिवसांचा. मी सायकलवर, बायको गाडी घेऊन माझ्या मागे. हायब्रिड सायकल, डिस्क ब्रेक. गाडी हॅचबॅक. माहीतगारांनी रस्ता, फेरीबोट, सामान सगळं सांगावं.

ए-१०२ : पहिली गोष्ट, गाडी मागे ठेवू नका. पुढे पाठवा. ताशी १२-१५ च्या वेगाने सायकलमागे गाडी चालवायची तर चढावर पहिला गिअर आणि अर्धा क्लच. तासाभरात जळका वास येतो. त्यात सागरी मार्ग बऱ्याच ठिकाणी जेमतेम एसटी जाईल एवढा. मागून आलेली एसटी आधी गाडीला आणि मग सायकलला ओव्हरटेक करणार, तेही वळणावर. म्हणजे संरक्षणासाठी ठेवलेली गाडीच धोका वाढवते. हॅझर्ड लाइट लावून रांगत जाणं तर नकोच, वळायचं असेल तेव्हा इंडिकेटर कळत नाही.

सी-४०४ (मिसेस) : काका, मग मी दिवसभर करायचं काय? आणि हे कुठे पंक्चर होऊन बसले तर कळणार कसं?

ए-१०२ : वहिनी, खरं नियोजन तुमचंच आहे, सायकलवाल्याला फक्त पॅडल मारायचंय 🙂 आदल्या रात्री दोघांनी बसून दर २०-२५ किमीवर थांबे ठरवा. देऊळ, शाळेचं मैदान, पेट्रोल पंप अशी ठिकाणं, जिथे गाडी पूर्ण रस्त्याखाली घेता येते. चढाच्या पायथ्याशी थांबू नका, माथ्यावर थांबा. पायथ्याशी थांबलेला माणूस गार झालेल्या पायांनी चढाला लागतो. ते पहाटे उजाडताच निघतील, तुम्ही आरामात तास-दीड तासाने निघा, वाटेत त्यांना ओलांडा आणि पहिल्या थांब्यावर जाऊन बसा.

फोनवर विसंबू नका, खाडीत उतरलं की रेंज जाते. नियम एकच : ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास झाला तरी सायकल आली नाही, तर गाडी त्याच रस्त्याने उलट यायची. आणि सायकलवाल्याने काहीही झालं तरी ठरलेला रस्ता सोडायचा नाही, शॉर्टकट कितीही छान दिसो. दोघांपैकी एकाने जरी हे मोडलं तर दोघं एकमेकांना शोधत फिरतात.

बी-३०३ : यात भर. गाडी पुढे असली तरी एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या), पंप, मल्टिटूल आणि गाडीची दुसरी चावी सायकलवरच हवी. रोख पैसेही. फेरीच्या खिडकीपाशी यूपीआय चालेलच असं नाही.

सी-४०४ : फेरी किती लागतात?

ए-१०२ : गुहागरहून निघालात तर एकच, तवसाळ ते जयगड. दापोलीकडून आलात तर दाभोळ-धोपावे वाढते. दोन्हीकडे कार चढते. वहिनी, कर्मचारी सांगतील तसंच चढवा, कधी रिव्हर्समध्ये घ्यायला लावतात. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, म्हणून मागच्या दारावर पट्ट्यांचा सायकल रॅक लावून फेरीवर जाऊ नका. लोंबणारं चाक टेकतं. शिवाय त्या रॅकने नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. सायकलवाल्याने रॅम्पवर उतरून चालत जायचं, ओल्या लोखंडावर टायर धरत नाही.

  

बी-३०३ : रॅकचा प्रश्नच नको, हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून सायकल आत जाते. पुढचं चाक काढा, सायकल आडवी ठेवा, पण चेनची बाजू वर. चेनची बाजू खाली ठेवली की सगळं वजन मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर) येतं आणि तो ज्या कानावर बसतो तो हँगर वाकतो. डोळ्याला दिसत नाही. मग पहिल्याच चढावर सगळ्यात मोठ्या चक्रीवर गिअर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये. म्हणून तुमच्या मॉडेलचा जादा हँगर इथूनच घेऊन जा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, रत्नागिरीत शोधून मिळेलच असं नाही.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे प्लॅस्टिकचा स्पेसर किंवा जाड पुठ्ठ्याची घडी घाला. चाक नसताना लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही.

सी-४०४ : गिअर पुरतील का? चक्र्यांचे दाते पुढे ४६/३०, मागे ११-३२.

बी-३०३ : सगळ्यात हलका गिअर ३०/३२, म्हणजे गुणोत्तर एकाच्या जरा खाली, पुरेल. पुढे ३४ आणि मागे २८ असतं तर नाही म्हटलं असतं. चेन झिजून किती लांबली ते गेजने मोजून घ्या, ०.७५ टक्क्याची खूण आत पडली तर चेन बदला. टायर ३२ मिमीचा असेल तर हवा ५५-६५ पीएसआय ठेवा. ९० भरली तर जांभ्याच्या खडीवर सायकल उड्या मारते आणि हातांना मुंग्या येतात.

गाडीतल्या डब्यात : दोन ट्यूब, एक टायर, तुमच्या चेनला बसणाऱ्या क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या), ब्रेक पॅडची एक जोडी, मागच्या चाकाच्या मापाचे तीन स्पोक. स्पोक बहुधा मागच्या चाकाचा चेनकडचाच तुटतो आणि तो कॅसेटच्या (मागच्या चक्र्यांच्या संचाच्या) आड असतो. म्हणून कॅसेट काढायचं टूल आणि चेन व्हिप (चक्री धरून ठेवायचा पाना) दोन्ही हवं, नाहीतर नुसते स्पोक नेऊन उपयोग नाही.

ए-१०२ : चढाबद्दल एक. यवतेश्वर घाट चढून कासला जाता म्हणून निवांत राहू नका. तो एकच लांब चढ, एका लयीत होतो. कोकणात खाडीच्या काठावरून सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) शंभरएक मीटर चढायचं, दोन-चार किमी सपाट, की पुन्हा खाली पाण्यापर्यंत. हेच दिवसभर. कमी अंतराचे पण उभे चढ, लय लागत नाही. सरावाला यवतेश्वरचा निम्मा घाट तीन-चारदा वर-खाली करा, उतरताना ब्रेकचा सरावही होईल.

डी-२०१ (डॉक्टर) : आणि साताऱ्याची कोरडी हवा तिथे नाही. घाम वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही. तासाला ५०० ते ७५० मिली पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नये. नुसत्या शहाळ्यावर राहू नका, त्यात पोटॅशियम भरपूर पण मीठ कमी. कोकम सरबत मीठ घालून उत्तम. खाणं दर तासाला, भूक लागायच्या आधी : एक केळं आणि राजगिऱ्याची वडी. कंदी पेढे संध्याकाळी खा. गाडी चालवणाऱ्यांनीही पाणी प्यायचं, वहिनी, उन्हात उभ्या गाडीत बसू नका.

सी-४०४ : पहिला दिवस गुहागर ते गणपतीपुळे जमेल?

ए-१०२ : जमेल. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, फेरी, जयगड, गणपतीपुळे. साधारण ६५ किमी, पण अंतराकडे बघू नका, चढ मोजा. दुसऱ्या दिवशी आरे-वारेवरून रत्नागिरी आणि पुढे पावस, मन रमेल असा रस्ता. त्यापुढे पूर्णगड, जैतापूर. इथे मॅप बघताना सावध. विजयदुर्ग समोर दिसतो, पण मधे वाघोटन खाडी आहे, पूल गाठायला आत शिरावं लागतं. तसंच देवबाग : तारकर्लीवरून खाली गेलात तर पुढे कर्ली खाडीचं मुख, रस्ता संपला. वेंगुर्ल्यासाठी आत येऊन नेरूरपारचा पूल धरा. मॅपला फक्त शेवटचं ठिकाण दिलं तर तो मुंबई-गोवा हायवेवर काढतो, म्हणून मधली गावं एकेक टाका आणि मॅप ऑफलाइन उतरवून घ्या.

उत्तरेकडून दक्षिणेला जाताय ते बरोबर. दुपारचा वारा समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून येतो, थोडी पाठ मिळते. समुद्र मात्र उजव्या हाताला, फोटोसाठी रस्ता ओलांडताना मागे बघा.

सी-४०४ (मिसेस) : गाडी किनाऱ्यावर नेता येते ना? फोटोत बघितलंय.

ए-१०२ : नेऊ नका. कोरड्या वाळूत चाक रुतलं आणि भरती सुरू झाली की ट्रॅक्टर शोधायची वेळ येते.

बी-३०३ : सायकलही नको. खारी वाळू फ्रीहबमध्ये (मागच्या चाकाच्या मधल्या फिरत्या भागात) गेली की करकर थांबत नाही. रोज मुक्कामी बादलीभर गोड्या पाण्याने अलगद धुवा, प्रेशर पाइप नको, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. चेन पुसून, वाळवून रात्रीच तेल लावा आणि सकाळी वरचं तेल फडक्याने पुसा, नाहीतर लाल धूळ चिकटते. उतारांमुळे पॅड लवकर झिजतात. रोज बघा, अर्ध्या मिलिमीटरवर आले की बदला.

सी-४०४ (मिसेस) : थांब्यांची यादी मी आज रात्री करते. काका, जाताना कुंभार्ली घाट आणि येताना?

ए-१०२ : जाताना उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण, गुहागर. येताना सावंतवाडी, आंबोली, आजरा, मग कोल्हापूरवरून हायवे. शेवटच्या दिवशी सायकल दुपारी आटोपती घ्या आणि वेंगुर्ल्यात मुक्काम करा. आंबोली घाट सकाळी चढा, संध्याकाळी तिथे धुकं उतरलं तर समोरचं दिसत नाही. यादी झाली की ग्रुपवर टाका, पेट्रोल कुठे भरायचं ते मी खुणा करून देतो.