जुन्या फियाटच्या कूलंट फिटिंगच्या आट्यांना काय लावावं? (बजेट २०० रु.)

नाशिकची_पद्मिनी:
१९८६ ची प्रीमिअर पद्मिनी, वडिलांची. हेडचं काम नुकतंच झालं, गॅस्केट नवीन. आता इंजिन तापलं की तीन ठिकाणी पाझरतं: ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी काढायचा नळ), हीटरसाठी नंतर बसवून घेतलेला पितळी एल्बो (वळणाचा जोड) आणि टेंपरेचर सेंडर (तापमानाच्या काट्याला सिग्नल देणारा). आट्यांना नेमकं काय लावू? बजेट २०० रुपये. पुढच्या रविवारी पुतण्याच्या वरातीत गाडी न्यायची आहे. 'गाडी विका' सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

अँबीवाला:
विका म्हणत नाही. पण अँबॅसॅडर असती तर हेडपण बिडाचं मिळालं असतं. फियाटच्या अ‍ॅल्युमिनियम हेडला आटे जपावे लागतात.

डुक्करफियाट:
आलेच! काका, तुमचं १४८९ सीसीचं बिडाचं धूड ऑइल किती गाळतं ते आधी सांगा. आमच्या १०८९ सीसीला नावं ठेवू नका.
मूळ प्रश्न: टेफ्लॉन टेप. २० रुपयांत काम, उरलेल्या पैशांत मिसळ.

गॅरेज_सांगली:
टेप नको. लोक पाच-सहा वेढे मारतात आणि मग पाना लावून आवळत बसतात. आटे निमुळते असतात, जाड टेपवर जोर दिला की पाचर ठोकल्यासारखं होऊन अ‍ॅल्युमिनियमचा बॉस (फिटिंग बसते तो जाड उंचवटा) तडकतो. मागच्या उन्हाळ्यात एक हेड असंच आलं होतं, दुसऱ्या गॅरेजमधून. वर टेपचे तुकडे सुटून थर्मोस्टॅटमध्ये अडकतात ते वेगळंच.
लॉकटाइट ५६७ घ्या. पांढरी पेस्ट, अशाच निमुळत्या आट्यांसाठी.

पुणेरी_पाना:
५६७ नको, ५७७ घ्या. लवकर सेट होतं. मी माझ्या जीपला लावलंय, अजून थेंब नाही.

गॅरेज_सांगली:
आणि ५७७ लावलेला कॉक पुढच्या वेळी उघडणार कोण? तुम्ही येणार सांगलीला?

नाशिकची_पद्मिनी:
दोन्हीची ५० मिलीची ट्यूब हजाराच्या पुढे आहे हो. मला तीन फिटिंग बसवायच्या आहेत, तीनशे नाही.

पुणेरी_पाना:
एकदाच घ्यायचं आणि आयुष्यभर वापरायचं. स्वस्ताई करायची तर जुनी गाडी ठेवायचीच कशाला?

लीड्सकर:
इथे माझ्याकडे एमजीबी ही जुनी ब्रिटिश गाडी आहे, १७९८ सीसी, म्हणजे अँबीच्या इंजिनाची थोरली भावंडं. हीटरच्या नळाला वर्षानुवर्षं हायलोमार (एक सीलिंग पेस्ट) लावतोय. पण आधी आटे मोजा. निमुळत्या आट्यांची दोन मापं: ब्रिटिश बीएसपीटी आणि अमेरिकन एनपीटी. १/८ इंचाच्या बीएसपीटीला इंचात २८ आटे, एनपीटीला २७. पहिले दोन वेढे गोड बसतात, मग अडतं आणि माणूस जोर लावतो. १/२ आणि ३/४ ला तर दोन्हीकडे १४ च, फरक मुख्यतः कोनाचा, ५५ आणि ६० अंश. तिथे कुठलीही पेस्ट लावा, गळण्याची भीती राहतेच. नंतर बसवलेला एल्बो आहे ना, मला पहिला संशय त्याचा.

रिकामटेकडा:
टेफ्लॉन टेप वापरा. २० रुपयांत काम.

डुक्करफियाट:
@रिकामटेकडा, वर तेच लिहिलंय मी.

अँबीवाला:
साधं पाणी घाला, गळणार नाही. हे हिरवं कूलंट आल्यापासूनच सगळ्यांच्या गाड्या गळायला लागल्या. कूलंट बारीक फटीतूनही वाट काढतं.

गॅरेज_सांगली:
वाट काढतं हे खरं. पण साध्या पाण्याने, तेही बोअरच्या, ब्लॉक आतून गंजतो आणि रेडिएटर चोंदतो. असा सल्ला देऊ नका.

मशीनशॉप_चाकण:
एक विचारतो. सेंडरच्या कॉलरखाली तांब्याचा वायसर आहे का? असेल तर तिथे आट्यांवर सील होतच नाही, वायसरच्या तोंडावर होतं. काहीही लावू नका. जुना वायसर गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, गार करा, तांबं मऊ पडतं, परत चालतं. शिवाय सेंडर एकाच वायरचा असतो, त्याचं अर्थिंग आट्यांतूनच ब्लॉकला जातं. टेप भरपूर गुंडाळला तर काटा खोटं बोलू शकतो. बसवल्यावर सेंडरची बॉडी आणि ब्लॉक यांत मल्टिमीटर लावून बघा.
बाकी दोन्हींसाठी: आटे तारेच्या ब्रशने घासून पेट्रोलने पुसा, टोकाचा एक आटा कोरडा सोडा. लॉकटाइटसारखं काही लावलंत तर एक रात्र थांबा. ते हवा तुटल्यावर धातूच्या संपर्कात सेट होतं. पितळ-बिडात झटकन, अ‍ॅल्युमिनियममध्ये सावकाश. लगेच इंजिन चालू केलं की मग 'माल डुप्लिकेट होता' म्हणून बोंब.

सौ_ड्रायव्हर:
सासऱ्यांच्या फियाटला मेकॅनिकने सिलिकॉन थापलं होतं. व्हिनेगरसारखा वास यायचा. त्याच्या शेवया रेडिएटरमध्ये निघाल्या. ते सोडून काहीही लावा.

पुणेरी_पाना:
५७७.

नाशिकची_पद्मिनी:
सगळ्यांचे आभार. सेंडरला वायसर निघाला, चपटा झालेला. चाकणकरांनी सांगितलं तसं तापवून बसवला, तिथलं पाझरणं बंद. मल्टिमीटरही ठीक दाखवतोय. एल्बो लीड्सकर म्हणाले तसाच, चुकीच्या आट्यांचा होता. भद्रकालीत जुन्या सामानवाल्याकडे बरोबरचा मिळाला.
सीलंटचं म्हणाल तर हार्डवेअरच्या दुकानातून सफेदा (नळाच्या जोडांना लावतात ती पांढरी पेस्ट) आणि सुतळी आणली. ७० रुपये. वडील हेच लावायचे.

गॅरेज_सांगली:
अहो, अ‍ॅल्युमिनियममध्ये सुतळी! सफेदा वाळून दगड झाला की एल्बो काढताना आटे घेऊन बाहेर येईल.

नाशिकची_पद्मिनी:
सुतळी फक्त ड्रेन कॉकला, तो बिडात आहे. एल्बोला नुसता सफेदा, हलका हात. तासभर चालवून पाहिली, कोरडी आहे.

पुणेरी_पाना:
मग हा चर्चेचा धागा काढलात कशाला?

डुक्करफियाट:
उरलेल्या १३० मध्ये मिसळ बसते. वरातीचे फोटो टाका. आणि पद्मिनीच्या मागच्या काचेचं रबर नाशिकमध्ये कुठे मिळेल?

अँबीवाला:
रबराचं मी सांगतो, पण आधी ऑइल गळण्याबद्दल जे बोललात ते मागे घ्या.